ठेवीला विमा आहे, चाकरीला काय?

(कल्याण येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजच्या वर्गासाठी आपण मला जो विषय दिला आहे, तो ‘बँक कर्मचाऱ्यांच्या नोकरीवरील गंडांतर आणि शासनाचे कर्तव्य’ असा आहे. विषयाचे नाव ऐकून आपल्यापैकी काहींच्या मनात एक शंका आली असेल. या कल्याण परिसराने श्रमिकांची मोठमोठी संकटे पाहिली आहेत. आंबिवली-मोहने येथील एन.आर.सी. कारखाना २००९ मध्ये बंद पडला आणि तेथील कामगारांना आपल्या हक्काच्या देण्यांसाठी वर्षानुवर्षे वाट पाहावी लागली. १९८२ च्या गिरणी संपानंतर उद्ध्वस्त झालेली कुटुंबे याच पट्ट्यातील चाळींत येऊन राहिली. अशा ठिकाणी पंख्याखाली बसून काम करणाऱ्या पांढरपेशा कारकुनाच्या दुःखाचे कौतुक कशाला, असे कोणी विचारले तर त्याला दोष देता येणार नाही. या शंकेचे उत्तर मी शेवटी देईन. प्रथम एक प्रसंग सांगतो.

माझा एक माजी विद्यार्थी एका सहकारी बँकेत नोकरीला होता. पदवी घेऊन लागला आणि वीस-बावीस वर्षे तेथेच राहिला. पुढे ती बँक अडचणीत आली, निर्बंध लागले आणि अखेरीस तिचा परवाना रद्द झाला. बँकेचा ताबा अवसायकाकडे गेला. ठेवीदारांना विम्याचे पैसे मिळावयाचे होते. त्यासाठी अर्ज भरून घेणे, ओळखपत्रे तपासणे, खात्यांशी ताळा घालणे ही कामे करावयाला माणसे हवी होती. म्हणून याला काही महिने तात्पुरते ठेवून घेण्यात आले. रोज शे-दीडशे लोकांचे अर्ज तो भरून देई. म्हातारी माणसे सही कोठे करावयाची हे विचारीत, ते तो बोट ठेवून दाखवी. एके दिवशी तो मला भेटावयास आला आणि म्हणाला, “सर, सगळ्यांचे अर्ज भरून झाले. आता माझ्यासाठी कोणता फॉर्म आहे, तेवढे सांगा.”

मी अर्थशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविले. पण त्या दिवशी माझ्याजवळ उत्तर नव्हते. असा कोणताही अर्ज या देशात नाही. तो का नाही, आणि तो असावा यासाठी आपण काय करावयाचे, एवढाच आजच्या व्याख्यानाचा आशय आहे.

यंत्र आले तेव्हा

बँकेतील नोकरी तीन मार्गांनी जाते. एक, माणसाचे काम यंत्र करू लागते. दुसरा, मालक म्हणतो की माणसे जास्त झाली. तिसरा, बँकच नाहीशी होते. या तिन्ही प्रसंगी शासनाची वागणूक वेगवेगळी राहिली आहे, आणि तो फरक समजून घेतल्याखेरीज आपली मागणी नेमकी होणार नाही.

यंत्राचा प्रश्न प्रथम घेऊ. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे आणि १५ एप्रिल १९८० रोजी आणखी सहा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. शाखांचे जाळे पसरले, आणि कल्याण-डोंबिवलीतून पहाटेची लोकल पकडून फोर्टात जाणारा बँक कारकुनांचा एक मोठा वर्ग उभा राहिला. या वर्गाची संघटना बळकट होती. त्यामुळे यंत्रे आणावयाची वेळ आली तेव्हा बँकांना कर्मचाऱ्यांशी बोलावे लागले. १९८३ च्या सप्टेंबरात यांत्रिकीकरणाचा पहिला करार झाला. त्यापाठोपाठ १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला. पुढे १९८७ आणि १९९३ मध्ये संगणकीकरणाचे करार झाले. यंत्रे किती आणि कोठे बसवावयाची यावर आरंभी मर्यादा घालण्यात आल्या, आणि यंत्रामुळे कोणाचीही कपात होणार नाही हे तत्त्व मान्य करून घेण्यात आले.

त्या काळी वृत्तपत्रांनी या संघटनांना ‘प्रगतीचे शत्रू’ ठरविले होते. आज मागे वळून पाहता काय दिसते? यंत्र आलेच, ते थांबले नाही, आणि थांबावे असेही नव्हते. पण त्याच्या आगमनाची किंमत आधी नोकरीत असलेल्यांवर एकदम लादली गेली नाही. हे सामुदायिक कराराचे यश होय. मात्र त्या यशाला एक मर्यादा होती, तिच्याकडे आपण डोळेझाक केली. करारांनी नोकरीत असलेल्या माणसाला वाचविले. त्याची जागा मात्र वाचविली नाही. तो निवृत्त झाला की ती जागा भरण्याचे बंधन कोणावर नव्हते.

स्वेच्छानिवृत्तीचा अनुभव

दुसरा मार्ग माणसे जास्त झाल्याचा. १९९१ च्या आणि १९९८ च्या नरसिंहम् समित्यांनी बँकांच्या पुनर्रचनेची दिशा ठरवून दिली. १९९९ मध्ये दुर्बल बँकांविषयीच्या वर्मा समितीने वेतनखर्च खाली आणण्याचा आग्रह धरला. मग २००० सालच्या ऑगस्टमध्ये केंद्र शासनाच्या संमतीने सार्वजनिक बँकांत स्वेच्छानिवृत्ती योजना आली. पंधरा वर्षे सेवा झालेल्या किंवा वयाची चाळीस वर्षे पूर्ण केलेल्या कर्मचाऱ्यास सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे साठ दिवसांचे वेतन, किंवा उरलेल्या सेवेच्या महिन्यांइतके वेतन, यांपैकी जे कमी असेल ते देऊ करण्यात आले. एक लाखाहून अधिक माणसे बाहेर पडली. स्टेट बँकेतून गेलेल्यांचीच संख्या वीस हजारांच्या वर होती.

ही योजना अनेकांना आकर्षक वाटली, हे मी नाकारीत नाही. मुलीचे लग्न, डोंबिवलीतील घराचे कर्ज, मुलाचे अभियांत्रिकीचे शुल्क अशा गरजा एकरकमी पैशाने भागल्या. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने त्या योजनेत शासनाने काय केले, ते पाहिले पाहिजे. शासनाने माणसाला जाण्यासाठी पैसे दिले. गेल्यानंतर त्याने काय करावे, याचा विचार त्यात नव्हता. पंचेचाळीस वर्षांचा, हिशेबात तयार झालेला, कर्ज-तारण समजणारा माणूस ही समाजाची संपत्ती असते. तिचा दुसरीकडे उपयोग कसा करावयाचा, याची यंत्रणा कोणी उभारली नाही. उलट, बँकांची भरती मंडळेच २००१ मध्ये बरखास्त करण्यात आली. पुढे शाखांत माणसे अपुरी पडू लागली, तेव्हा २०११ पासून नव्याने सामायिक परीक्षा घेऊन भरती सुरू करावी लागली. म्हणजे ‘जास्त’ ठरलेली माणसे खरोखर किती जास्त होती, याचे उत्तर दहा वर्षांत बँकांनीच देऊन टाकले.

आणखी एक गोष्ट. जे बाहेर पडले त्यांच्यापैकी अनेकांना निवृत्तिवेतनाच्या नियमाप्रमाणे मिळावयाची पाच वर्षांची वाढीव सेवा नाकारण्यात आली. तो वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि वीस वर्षे सेवा झालेल्यांच्या बाजूने निर्णय लागावयास २००९ साल उजाडले. स्वेच्छेने गेलेल्या माणसाला आपल्याच अटी मान्य करून घेण्यासाठी आठ-नऊ वर्षे कोर्टात उभे राहावे लागले.

त्यानंतर विलीनीकरणे आली. २०१७ मध्ये सत्तावीस असलेल्या सार्वजनिक बँका १ एप्रिल २०२० रोजी बारा उरल्या. कोणाचीही नोकरी जाणार नाही असे आश्वासन अर्थमंत्र्यांनी दिले, आणि कपातीची नोटीस कोणाला गेली नाही हेही खरे. पण एकाच चौकातील दोन शाखांची एक शाखा झाली, निवृत्तांच्या जागा रिकाम्या राहिल्या आणि त्या जागांचे काम कंत्राटी माणसांकडे आणि कमिशनवर राबणाऱ्या बँकमित्रांकडे गेले. हा बँकमित्र २००६ पासूनच्या धोरणाचे अपत्य आहे. ग्राहक त्याला बँकेचा माणूस समजतो. बँक मात्र त्याला आपला माणूस समजत नाही.

परवाना रद्द होतो तेव्हा

आता तिसरा मार्ग; आणि कल्याण-ठाणे परिसराशी त्याचाच निकटचा संबंध आहे. नागरी सहकारी बँका ही महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाची स्वतःची निर्मिती. वैकुंठभाई मेहता आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यासारख्यांनी सहकाराला वैचारिक अधिष्ठान दिले. गावोगावच्या शिक्षकांनी, वकिलांनी, दुकानदारांनी भागभांडवल गोळा केले. पण देशातील नागरी सहकारी बँकांची संख्या २००४ मध्ये १,९२६ होती, ती २०२४ पर्यंत दीड हजाराच्या खाली आली. काही बँका विलीन झाल्या, काहींचे परवाने गेले. यात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे.

तीन उदाहरणे घेतो. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर सप्टेंबर २०१९ मध्ये निर्बंध आले. आरंभी ठेवीदाराला सहा महिन्यांत फक्त एक हजार रुपये काढण्याची मुभा होती. शाखांसमोर आक्रोश झाला, आणि त्या आक्रोशासमोर काउंटरवर कारकून उभा होता. ही बँक जानेवारी २०२२ मध्ये एका लघुवित्त बँकेत विलीन झाली. दुसरे उदाहरण सी.के.पी. सहकारी बँकेचे. १९१५ मध्ये स्थापन झालेल्या या बँकेचा परवाना ३० एप्रिल २०२० रोजी कामकाज संपताना रद्द झाला. ती टाळेबंदीची वेळ होती, लोकल बंद होत्या, आणि दुसऱ्या दिवशी महाराष्ट्र दिन आणि कामगार दिन होता. तिसरे, १९१२ मध्ये स्थापन झालेली पुण्याची रुपी बँक. २०१३ पासून निर्बंधाखाली राहून सप्टेंबर २०२२ मध्ये तिचा परवाना गेला.

या दोन्ही परवाने रद्द झालेल्या बँकांविषयी रिझर्व्ह बँकेने जाहीर केले की ९९ टक्क्यांहून अधिक ठेवीदारांना त्यांची पूर्ण रक्कम ठेव विम्यातून मिळेल. ही समाधानाची गोष्ट आहे, आणि ती आपोआप घडलेली नाही. १९६० साली अकोल्याची लक्ष्मी बँक आणि केरळातील पलाई सेंट्रल बँक बुडाल्या, लोक हवालदिल झाले, संसदेत प्रश्न आला, आणि १ जानेवारी १९६२ पासून ठेव विमा महामंडळ कामाला लागले. आरंभी विमा होता पंधराशे रुपयांचा. १९७१ पासून सहकारी बँकांनाही ते संरक्षण मिळू लागले. ही मर्यादा १९९३ मध्ये एक लाख आणि फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. २०२१ च्या दुरुस्तीने निर्बंध लागल्यापासून नव्वद दिवसांत पैसे देण्याची तरतूद झाली. ठेवीदार ओरडला, संघटित झाला, आणि साठ वर्षांत पायरी पायरीने त्याने आपल्या संरक्षणाची भिंत उभी केली.

त्याच बँकेतील कर्मचाऱ्याची स्थिती काय? बँक विलीन झाली तर विलीनीकरणाच्या योजनेत त्याच्या सेवेचा आणि वेतनाचा विचार करण्याची तरतूद बँकिंग नियमन कायद्याच्या ४५ व्या कलमात आहे, आणि २०२० च्या दुरुस्तीनंतर ते कलम सहकारी बँकांनाही लागू झाले आहे. पण बँकेचा परवाना रद्द झाला तर? बँक घेणारी दुसरी बँक मिळते की नाही, यावर त्याचे दैव अवलंबून. दोन कारकून, दोघांची सेवा वीस वर्षांची, दोघेही सारखेच प्रामाणिक. एकाच्या बँकेला गिऱ्हाईक मिळाले, दुसऱ्याच्या बँकेला मिळाले नाही. पहिल्याची नोकरी टिकते, दुसरा रस्त्यावर येतो. या भेदाला न्यायाचा कोणता आधार आहे?

कामगार कायदा त्याला कितपत वाचवितो? कपात करण्यापूर्वी शासनाची परवानगी घेण्याचे बंधन १९७६ मध्ये औद्योगिक विवाद कायद्यात आले. पण ते कारखाने, खाणी आणि मळे यांनाच लागू होते. बँका त्यात कधीच नव्हत्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेतही नाहीत. उरते ती नुकसानभरपाई: सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन. वीस वर्षे सेवा झालेल्याला दहा महिन्यांचे वेतन. सार्वजनिक बँकेतून २००० साली स्वेच्छेने गेलेल्याला याच हिशेबाने चाळीस महिन्यांपर्यंत वेतन मिळू शकत होते, हे लक्षात घ्या. शिवाय हे दहा महिनेसुद्धा द्यावयाचे कोणी? जिची तिजोरी रिकामी झाली म्हणून परवाना गेला, त्या बँकेने. ठेव विमा महामंडळाने ठेवीदारांना दिलेली रक्कम अवसायकाने वसुलीतून महामंडळाला परत करावयाची असते. कर्मचाऱ्याचे देणे त्याच वसुलीकडे डोळे लावून बसते.

नव्या संहितेत ‘पुनर्कौशल्य निधी’ नावाची एक तरतूद आहे. कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात मालकाने भरलेले पंधरा दिवसांचे वेतन पंचेचाळीस दिवसांत जमा व्हावयाचे आहे. कल्पना वाईट नाही. पण पंधरा दिवसांच्या पगारात पन्नाशीच्या माणसाने कोणते नवे कौशल्य शिकावे, हे संहिता सांगत नाही. मालकच बुडाला तर भरणा कोण करील, हा प्रश्न येथेही उरतोच. राज्य कामगार विमा योजनेत २०१८ मध्ये बेकारांसाठी नव्वद दिवसांपर्यंतचे साहाय्य सुरू झाले आणि २०२० पासून ते सरासरी वेतनाच्या निम्मे झाले. परंतु त्या विम्याची वेतनमर्यादा २०१७ मध्ये २१,००० रुपये ठरविण्यात आली. वीस वर्षे सेवा झालेला बहुतेक बँक कर्मचारी त्या रेषेच्या वर असतो. म्हणजे तो गरिबांच्या योजनेसाठी श्रीमंत, आणि घराचा हप्ता भरण्यासाठी गरीब.

पूर्वीचा एक फसलेला प्रयोग

शासनाने या दिशेने काहीच केले नाही, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. आर्थिक पुनर्रचनेत विस्थापित होणाऱ्या कामगारांसाठी फेब्रुवारी १९९२ मध्ये राष्ट्रीय नूतनीकरण निधी स्थापन झाला. पुनर्प्रशिक्षण, पुनर्नियुक्ती आणि नुकसानभरपाई असे त्याचे हेतू होते. प्रत्यक्षात त्याचा बहुतेक पैसा केंद्रीय सार्वजनिक उपक्रमांतील स्वेच्छानिवृत्तीवर गेला आणि २००० मध्ये तो निधी गुंडाळण्यात आला. त्यापासून घ्यावयाचा धडा असा की, निधीचे हेतू कितीही व्यापक लिहिले, तरी त्याचा पैसा कोणाच्या हक्काचा आहे हे कायद्यात लिहिलेले नसेल, तर तो माणसे घालविण्यासाठी वापरला जातो.

परदेशांत ही गोष्ट हक्क म्हणून मांडली गेली. ब्रिटनने १९६५ मध्ये कपातीच्या भरपाईचा कायदा केला. तेथे मालक दिवाळखोर झाला तर थकलेले वेतन आणि कायद्याने ठरलेली भरपाई राष्ट्रीय विमा निधीतून, विहित मर्यादेत, दिली जाते. युरोपीय देशांनी १९८० च्या निर्देशानुसार अशा हमीसंस्था उभारल्या. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने मालकाच्या दिवाळखोरीत कामगारांच्या देण्याचे संरक्षण करणारा १७३ क्रमांकाचा करार १९९२ मध्ये संमत केला. भारताने त्याला मान्यता दिलेली नाही.

घरचाच दाखला

परंतु विलायतेकडे पाहण्याची गरज नाही. असा विचार आपल्या महाराष्ट्राने स्वतः केला आहे. ज्या १९६९ साली बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, त्याच साली महाराष्ट्राने माथाडी कामगारांचा कायदा केला. आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे ओझे वाहणाऱ्या हमालाला एक मालक नव्हता. म्हणून कायद्याने मंडळ निर्माण केले, सर्व मालकांकडून मजुरीवर लेव्ही घेतली, आणि त्यातून भविष्यनिर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, रजा यांची तजवीज केली. एक मालक बुडाला तरी हमालाची पुंजी बुडत नाही, कारण ती मालकाच्या हाती नसतेच.

दुसरा दाखला रोजगार हमीचा. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेल्या या योजनेला १९७७ च्या कायद्याने हक्काचे रूप मिळाले. तिच्यासाठी पैसा उभा करण्याकरिता १९७५ मध्ये महाराष्ट्राने व्यवसाय कर बसविला. दुष्काळी भागातील मजुराला काम मिळावे म्हणून शहरातील पगारदाराच्या वेतनातून दरमहा कपात होऊ लागली. ती कपात ठाण्याच्या बँक कारकुनाने भरली, डोंबिवलीच्या शिक्षकाने भरली, मीही भरली. आरंभी मी ज्या शंकेचा उल्लेख केला तिचे उत्तर येथे आहे. हा पांढरपेशा दुसऱ्याच्या रोजगाराच्या हमीसाठी पन्नास वर्षे पैसे भरीत आला आहे. आज त्याचा स्वतःचा रोजगार जातो, तेव्हा त्याने हमी मागितली तर ती चैन ठरत नाही. हमालाला मंडळ हवे, मजुराला हमी हवी आणि कारकुनाला मात्र स्वाभिमानाने उपाशी राहण्याचा अधिकार हवा, असे समाजवाद सांगत नाही.

आक्षेप आणि मागणी

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, बँक बुडाली त्यात कर्मचाऱ्यांचाही हात असतो. जेथे तो असेल तेथे खटला भरावा, शिक्षा व्हावी. संरक्षणातून अशा माणसास वगळावे. पण मोठी बुडीत कर्जे मंजूर करणारी मंडळी संचालक मंडळात बसतात. पासबुक भरणाऱ्या मुलीला त्या बैठकीचे दार ठाऊक नसते. तिला एकत्रितपणे दोषी धरावयाचे, तर संचालक निवडून देणाऱ्या सभासदांना, म्हणजे पुष्कळशा ठेवीदारांनाही धरावे लागेल.

दुसरा आक्षेप पैशाचा. ठेव विम्यासाठी २०२० पासून शंभर रुपयांच्या ठेवीमागे वर्षाला बारा पैसे असा हप्त्याचा दर ठरला. मी म्हणतो, कर्मचारी संरक्षणासाठी याखेरीज एक पैसा घ्या. नागरी सहकारी बँकांतील ठेवी २०२४ मध्ये सुमारे साडेपाच लाख कोटी रुपयांच्या होत्या. शंभराला एक पैसा म्हणजे वर्षाला पंचावन्न कोटी. समजा, एका वर्षात एक हजार कर्मचाऱ्यांच्या बँका बुडाल्या आणि त्यांचे वेतन सरासरी तीस हजार होते. त्यांना वर्षभर निम्मे वेतन द्यावयास अठरा कोटी लागतील. उरलेल्या सदतीस कोटींतून थकलेले वेतन आणि भरपाई आगाऊ देता येईल व ती पुढे अवसायकाकडून वसूल करता येईल. वाणिज्य बँकांच्या ठेवी दोनशे लाख कोटींच्या वर आहेत. त्यांनाही हा पैसा लावला तर वर्षाला दोन हजार कोटी उभे राहतात. तेव्हा पैसा नाही ही सबब टिकत नाही.

म्हणून आपली मागणी चार कलमी असावी. पहिले, बँकेचा परवाना रद्द होताच कर्मचाऱ्याचे थकलेले वेतन व कायदेशीर भरपाई, ठेवीदाराप्रमाणेच नव्वद दिवसांत, निधीतून मिळावी. दुसरे, नवी नोकरी मिळेपर्यंत, कमाल एक वर्ष, निम्मे वेतन मिळावे. तिसरे, अशा कर्मचाऱ्यांची जिल्हावार यादी करून जिल्हा मध्यवर्ती व अन्य सहकारी बँकांच्या भरतीत त्यांना वयाची अट शिथिल करून प्राधान्य द्यावे. यासाठी दिल्लीकडे पाहावयाचे कारण नाही, राज्य शासनाला पुढाकार घेता येईल. चौथे, कंत्राटी कर्मचारी आणि बँकमित्र यांचा या निधीत पहिल्या दिवसापासून समावेश असावा.

शेवटी स्वतःकडे

शेवटची गोष्ट कटू आहे. पण घरच्या माणसांत बोलावी लागते. ठेवीदाराला विमा मिळाला आणि कर्मचाऱ्याला मिळाला नाही, याचा सगळा दोष शासनाला देऊन आपण मोकळे होऊ शकत नाही. सार्वजनिक बँकांतील संघटनांनी आपल्या सभासदांसाठी उत्तम करार केले. परंतु त्याच रस्त्यावर समोरच्या बाजूला सहकारी बँकेत निम्म्या पगारावर काम करणाऱ्याला आपल्या करारात आणावे, असे त्यांना फारसे वाटले नाही. पक्ष म्हणून आपणही सहकारी बँकेच्या प्रश्नात ठेवीदारांचे मोर्चे काढले, आणि त्या मोर्चाच्या घोषणा ज्याच्या तोंडावर आदळत होत्या तोही श्रमिकच आहे, हे विसरलो.

ही चूक सुधारावयाची सुरुवात येथूनच होऊ शकते. कल्याण, डोंबिवली, उल्हासनगर, ठाणे येथे बंद किंवा विलीन झालेल्या बँकांचे किती कर्मचारी राहतात, ते आज काय करतात, त्यांचे काय देणे थकले आहे, याची नोंद कोणत्याही कार्यालयात एकत्र मिळणार नाही. ती आपण करावी. या वर्गाला आलेल्या प्रत्येक कार्यकर्त्याने आपल्या वॉर्डातील अशा पाच जणांना भेटून त्यांची सेवेची वर्षे, अखेरचे वेतन आणि थकबाकी लिहून आणावी. मागणीपत्रक मी लिहून देतो. त्याच्या मागे जोडावयाचे आकडे आपण गोळा करावेत. सार्वजनिक बँकांतील जे साथी येथे बसले आहेत, त्यांनी आपल्या संघटनेच्या पुढच्या सभेत हा ठराव मांडावा.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी अजून उत्तर दिलेले नाही. त्याच्यासाठी फॉर्म नाही, एवढेच सांगून मी त्याला परत पाठविले होते. पुढच्या वेळी तो येईल तेव्हा त्याच्या हाती देण्यासाठी निदान या मागणीपत्रकाचा कागद तरी माझ्याजवळ असावा, आणि त्यावर तुम्हा सर्वांच्या सह्या असाव्यात, एवढीच माझी इच्छा आहे.